‘ला होता’ म्हणजे ‘हॅड’ नव्हे

मराठी क्रियापदाची शेपटी बघा: ‘तो-ते’ असेल तर साधा वर्तमान, ‘त आहे’ला ‘आयएनजी’, ‘ला आहे’ला ‘हॅव’, ‘ला होता’ला ‘हॅड’, ‘ईल’ला ‘विल’. बारा काळांचा हा तक्ता पाठ केला की इंग्रजी आलंच, असा दावा सगळीकडे फिरतो. पण ‘थांब, आलोच’ म्हणणारा माणूस अजून आलेला नसतो. इंग्रजीत तो ‘आयम कमिंग’ म्हणतो. शेपटी म्हणजे काळ हे समीकरण मराठीतच टिकत नाही.

सगळ्यात जास्त घोळ ‘ला होता’ने होतो. ‘मी त्याला परवा भेटलो होतो’ यातला ‘होतो’ घटना जरा मागे ढकलतो, एवढंच. त्याचं ‘आय हॅड मेट हिम’ केलं, की ऐकणारा मनात विचारतो, कशाच्या आधी? ‘हॅड’ला भूतकाळातला दुसरा क्षण लागतो. ‘व्हेन आय रीच्ड, द मीटिंग स्टार्टेड’: मी पोचलो आणि मग मीटिंग सुरू झाली. ‘द मीटिंग हॅड स्टार्टेड’: मी पोचायच्या आधीच सुरू झाली होती. उशीर झाला की नाही, ते एका ‘हॅड’वर ठरतं. म्हणून पत्रात ‘आय हॅड सेन्ट द फॉर्म ऑन मंडे’ असं सुटं वाक्य लिहू नका. ‘आय सेन्ट’ पुरे.

‘ला आहे’ म्हणजे ‘हॅव’, हेही अर्धंच खरं. ‘तो काल आला आहे’ मराठीत चालतं. ‘ही हॅज कम येस्टरडे’ चूक. येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019 अशी संपलेली वेळ वाक्यात आली की साधा भूतकाळच: ‘ही केम येस्टरडे’. शिवाय ‘तो बसला आहे’, ‘तो झोपला आहे’, ‘तिने चष्मा लावला आहे’ ही वाक्यं बघा. मराठी इथे क्रिया संपल्याचं सांगते, इंग्रजी चालू असलेली अवस्था: ‘ही इज सिटिंग’, ‘ही इज स्लीपिंग’, ‘शी इज वेअरिंग ग्लासेस’. ‘शी हॅज वोर्न ग्लासेस’चा अर्थ होतो, तिने कधीतरी चष्मा वापरलेला आहे.

‘त आहे’चंही तसंच. ‘मी इथे पाच वर्षं काम करत आहे’चं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ केलं तर एका वाक्यात दोन चुका होतात. काम मागे सुरू होऊन आजवर चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन वर्किंग’. आणि किती काळ हे सांगायला ‘फॉर’. ‘सिन्स’पुढे सुरुवातीचा क्षण येतो: ‘सिन्स 2019’.

बाराचा आकडा शिकवायच्या सोयीचा: भूत, वर्तमान, भविष्य हे तीन काळ गुणिले प्रत्येकाचे चार प्रकार (साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण). क्रियापदाचं रूप बदलून इंग्रजी दोनच काळ दाखवते, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी वेगळं रूपच नाही. ‘विल’ हे ‘कॅन’, ‘मस्ट’ यांच्या पंक्तीतलं सहायक क्रियापद. शिवाय ‘तो येईल तेव्हा सांगेन’ याचं ‘व्हेन ही विल कम’ होत नाही, ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’ होतं. ‘इफ’नंतरही बहुधा हाच नियम. मात्र ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ बरोबर आहे, कारण तिथलं ‘विल’ भविष्य सांगत नाही, थांबायची तयारी आहे का ते विचारतं.