संस्कृतचे चार शब्द आणि 'गरीब' मराठी

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. संस्कृतात जवळ-लांब दाखवायला इदम्, एतद्, अदस्, तद् असे चार शब्द, जगात दुसऱ्या कुठल्याच भाषेत एवढे नाहीत, इंग्रजीत पहिल्यापासून दोनच, आणि मराठीत हा-तो एवढंच उरलं म्हणजे आपली भाषा गरीब झाली. मी संस्कृत आवडीने शिकलेय म्हणूनच हे लिहितेय.

चार शब्द आहेत, मान्य. पण ज्या श्लोकावरून आपण हे शिकतो, तो 'इदमस्तु सन्निकृष्टं'वाला, तो शेवटपर्यंत वाचा ना. इदम् जवळचं, एतद् अगदी जवळचं, अदस् लांबचं, आणि तद् 'परोक्षे', म्हणजे जे डोळ्यासमोर नाहीच ते. म्हणजे अंतराच्या पायऱ्या तीन आणि चौथा शब्द दिसतंय की नाही याचा, एवढी सुंदर गोष्ट आणि फॉरवर्डमधून नेमकी तीच गायब.

जगात कुठेच नाही हे तर साफ चूक. मादागास्करच्या मालागासीत नुसतं 'इथे' म्हणायचं तरी जागा दिसत असेल तर एतो, दिसत नसेल तर आतो, मग थोडं लांब एत्सी-आत्सी, अजून लांब एनी-आनी, त्याहून लांब एरी-आरी, आणि एवढ्यावर यादी संपत नाही.

इंग्रजीत this-that शिवाय यॉन, यॉन्डर (तो पलीकडचा, तिकडे पलीकडे) होते की, स्कॉटलंडमधे यॉन अजून ऐकू येतो.

आणि नुसते शब्द मोजून काय कळतं? जपानीत कोरे, सोरे, आरे तीन, पण सोरे म्हणजे मधल्या अंतरावरचं असं नाही, तुझ्याजवळचं. जुन्या तमिळमधे इदु (हे), उदु (मधलं), अदु (ते) होते, त्यातला उदु तमिळनाडूत बोलण्यातून गेला, श्रीलंकेत जाफनाकडे टिकला, म्हणून चेन्नईची तमिळ गरीब म्हणायची का?

राहिली मराठी. भाषातज्ज्ञ होल्गर डीसेलनी 234 भाषा तपासल्या तर 127 मधे दोनच पायऱ्या निघाल्या, म्हणजे आपण बहुमतात आहोत. शिवाय आपल्याकडे अलीकडचा-पलीकडचा आहे आणि आवाज आहे. माझी आजी शेत दाखवताना 'त्ये तिकडं' म्हणाली तर विहिरीपाशी, 'त्येऽऽऽ तिकडं' म्हणाली तर ओढ्याच्या पलीकडे, आणि आम्ही पोरं बरोब्बर तिथेच जाऊन पोचायचो.