नाडी लागतेय अजून

परवा रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाच्यानं सराव म्हणून माझ्या दंडाला टुर्निकेट बांधलं, म्हणजे दांडी पिरगळून आवळायचा, वाहतं रक्त थांबवणारा पट्टा. (मूळ फ्रेंच उच्चार टुर्निके. पुण्यात राहतो, त्यामुळे कुणी सुधारायच्या आत सांगून टाकलं.) त्यानं दांडी तीनदा पिरगळली, मी "आई गं" म्हणून ओरडलो. शेजारच्या डॉक्टर वहिनींनी मनगटावर दोन बोटं टेकवली आणि शांतपणे म्हणाल्या, "नाडी लागतेय अजून. याचं रक्त वाहतंच आहे."

म्हणजे नुसतंच दुखलं! व्हिडिओ तर आम्ही दहा वेळा बघितला होता. चूक एवढीच, की दांडीला हात घालण्याआधी पट्टा कचकचून ओढलाच नव्हता. सैल पट्ट्यावर दांडी फिरवत बसलं की सगळे वेढे ढिलाई भरून काढण्यातच जातात. दुसऱ्यांदा आधी पट्टा ओढला; दोन वेढ्यांत नाडी गायब. वहिनींनी लगेच सोडायला लावलं.

मी इतका मागे लागलोय त्याला कारण आहे. नवले पुलाजवळ एका दुचाकीवाल्याची मांडी फाटली होती आणि रुमाल बांधणाऱ्यांत मीही होतो. नुसत्या रुमालानं वरवरच्या शिरा दबतात, धमनी चालूच राहते. रक्ताचा परतीचा रस्ता बंद होतो आणि जखम उलट जास्त वाहते. हे मला नंतर कळलं. मोठी धमनी तुटली तर हातात मिनिटंच असतात. 108 ला फोन लावायचाच, पण गाडी येईपर्यंत काय?

आधी जखमेवर जोर लावून दाबायचं. हातापायाचं रक्त त्यानंही थांबत नसेल तर जखमेच्या तीन-चार बोटं वर पट्टा, गुडघा-कोपरावर नाही. वेळ लिहून ठेवायची, आणि सोडायचं काम डॉक्टरांचं. मांज्यानं गळा कापला तर हे चालत नाही, तिथं हातानंच दाबायचं. आणि साप चावल्यावर आवळून बांधायची आपली जुनी खोड, ती तर सोडाच.

"पोलिसांचं लचांड" म्हणणाऱ्या काकांसाठी: 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आहे, मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं. काका तरीही लांबूनच बघत होते.

सरावाचं टुर्निकेट वेगळं ठेवलंय, वापरून वापरून पट्टा झिजतो म्हणून. कोरं स्कूटरच्या डिकीत.

आई खुर्ची टाकून बसली होती. निघताना म्हणाली, "अरे, तुझाच उजवा हात कापला आणि जवळ कुणी नसलं तर?" पुढच्या रविवारी एकट्यानं, डाव्या हातानं बांधून बघणार आहे. वहिनींनी यायचं कबूल केलंय.