उपेक्षितांवर नाटक लिहिताना घ्यावयाची दक्षता

समाजाने कडेला लोटलेल्या माणसांवर आपणांस नाटक लिहावयाचे असेल, तर प्रथम विजय तेंडुलकरांची पुस्तके नजरेआड करावीत. असा माणूस रंगमंचावर कसा आणू नये, याचे इतके नमुने मराठीत अन्यत्र एकत्र सापडणार नाहीत.

आपला पीडित स्वभावाने गोड असलाच पाहिजे. 'सखाराम बाइंडर'मधील लक्ष्मी पाहा. नवऱ्याने टाकलेली, देवभोळी, मुंगळ्याशी मायेने बोलणारी बाई. येथवर सारे यथास्थित होते आणि प्रेक्षकांचे रुमाल बाहेर येण्याच्या बेतात होते. पण तेंडुलकरांनी हीच लक्ष्मी शेवटी, सखारामने तिच्यानंतर घरात आणलेल्या चंपाची त्याच्याकडे चहाडी करताना आणि त्याने चंपाचा खून केल्यावर प्रेत पुरण्याची घाई करताना दाखवली. तिची कीव करावी की तिला भ्यावे, हे तिकीट काढून आलेल्या माणसाने स्वतः का ठरवायचे? १९७२ साली सेन्सॉरने या नाटकावर कात्री चालवली आणि प्रकरण न्यायालयात गेले. आपणांस तशी हौस नसावी.

खलनायक शक्यतो दूरचा निवडावा. जमीनदार सर्वांत सोयीचा. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे लोक गुंड नाहीत, तर वेळ घालवण्यासाठी खोटा खटला रचणारी पांढरपेशी हौशी मंडळी आहेत. त्यांतले काशीकर तर न्यायाधीश होऊन कान कोरत बसतात! त्यांच्यात प्रेक्षकाला स्वतःचे काका दिसू लागले, तर मध्यंतरातला बटाटेवडा त्याच्या घशाखाली उतरेल काय?

चित्रपट लिहाल तर आदिवासी नायकाला भरपूर संवाद द्यावेत. तेंडुलकरांनीच लिहिलेल्या 'आक्रोश'मधील (१९८०) लहान्या भिकू बायकोच्या खुनाचा खोटा आळ येऊनही जवळजवळ अखेरपर्यंत तोंड उघडत नाही. सुशिक्षित वकील इतका राबत असताना त्याचे सद्गदित होऊन आभार मानणारे एकही वाक्य पटकथेत नसावे, हा निव्वळ कृतघ्नपणा होय.

'कन्यादान'चे नाव तर काढूच नये. बायकोला मारहाण करणारा दलित कवी रंगवल्याने दलित वाचक संतापले (त्या संतापाला कारण होते, हे मान्य), आणि तिच्या समाजवादी बापाचा आदर्शवाद उघडा पडल्याने सुधारकही अवघडले. ज्या नाटकापायी चप्पल भिरकावली गेली, त्यालाच पुढे १९९३ सालचा सरस्वती सन्मान मिळाला. आपण मधली चप्पल वगळून थेट सन्मानाकडे जाणारे नाटक लिहावे. त्यासाठी कवीने पहिल्याच अंकात एक सुरेल कविता म्हणून कायमचे परगावी निघून जावे, एवढी तजवीज केली म्हणजे पुरे.