'चार पडक्या भिंती' : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

तुमची कमेंट परवा रात्री वाचली. लगेच उत्तर टाइप करायला घेतलेलं पण तेव्हा राग आला होता, म्हणलं आत्ता नको, आणि थांबले ते बरं झालं, कारण काल सकाळी परत वाचली तेव्हा त्यात एक मुद्दा असा निघाला की तिथे तुमचंच बरोबर आहे आणि चूक माझी आहे. त्यावर खाली येतेच.

ज्यांनी ती कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काका पुण्याहून मुलगा, सून आणि दोन नातवंडांना घेऊन बडोद्याला आले आणि माझी 'एका दिवसात बडोदं' ही पोस्ट मोबाइलवर उघडून तसेच्या तसे फिरले. तांबेकर वाडा, कीर्तिमंदिर, कमाटीबागेतलं म्युझियम, आणि शिवाय अजून एक छोटंसं म्युझियम (त्याचं नाव मुद्दाम घेत नाही). तांबेकर वाड्याला त्यांनी 'चार पडक्या भिंती आणि उडालेले रंग' म्हणलंय. त्या छोट्या म्युझियममधे दिवे बंद, वस्तूंवर धड चिठ्ठी नाही, मुलं दहा मिनिटांत कंटाळली. 'लक्ष्मीविलासमधेच दिवस घालवला असता तर पैसे वसूल झाले असते, इथे बघण्यासारखं काही नाही, आणि तुम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना गायकवाड आणि त्यांचे दिवाण सोडून काही दिसतच नाही का?' असा शेवट आहे.

पहिल्यांदा लक्ष्मीविलासबद्दल. माझं त्याच्याशी काहीही भांडण नाही. 1890 मधे पूर्ण झालेला तो राजवाडा बघावाच, आणि त्याच आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममधे रविवर्म्याची चित्रं बघायला तर मी स्वतः कितीदा गेलेय त्याचा हिशोब नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी रविवर्म्याकडून पुराणातल्या प्रसंगांची 14 चित्रं करून घेतली होती, त्या चित्रांसमोर उभं राहिलं की आपल्या आजीच्या देवघरातल्या तसबिरीतल्या देव्यांना हा चेहरा कुठून आला ते कळतं. पण काका, राजवाडा स्वतःच बोलतो. तुम्ही नुसते दारातून आत गेलात तरी तो तुम्हाला दिपवून टाकतो. वाडा तसा बोलत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि मी माझ्या पोस्टमधे हेच नीट लिहिलं नव्हतं, सकाळी दहा ते पाच चार ठिकाणं असं टाइमटेबल दिलं होतं. ते टाइमटेबल मी आता काढून टाकलंय.

आता 'चार पडक्या भिंती'. मी रावपुऱ्यातच वाढले, शाळेतून येताना आजी सांगायची 'तांबेकरांच्या वाड्यावरून सरळ ये, मधे कुठे रेंगाळू नकोस', म्हणजे माझ्यासाठी तो वाडा कितीतरी वर्षं नुसती एक खूण होता. आत पहिल्यांदा गेले ती कॉलेजात असताना. अरुंद जिना चढून वर गेलं की खोल्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत, आणि खरं सांगते मलाही पहिल्यांदा तुमच्यासारखंच वाटलं होतं, की सगळं फिकं पडलंय, कुठे पोपडे निघालेत, काय बघायचं यात. मग आमच्याबरोबर आलेले एक सर म्हणाले की सगळी खोली बघू नका, एक हातभर जागा धरा आणि तिथेच पाच मिनिटं उभे राहा. तसं उभं राहिलं तेव्हा एकेक रेघ वर यायला लागली. एकीकडे कृष्ण, महाभारतातले प्रसंग, आणि त्याच घरात गाऊन घातलेल्या गोऱ्या मडमा, आणि मराठे आणि इंग्रजांची लढाई! एकाच माणसाच्या घरात.

आणि तो माणूस कोण, तर भाऊ तांबेकर, 1849 ते 1854 बडोदा संस्थानचे दिवाण. काका, हे जरा डोळ्यासमोर आणा. गादीवर गणपतराव गायकवाड, गावात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, बसलेला, आणि दिवाणाचं रोजचं काम म्हणजे या दोघांच्या मधे उभं राहणं. त्या काळात इथे रेसिडेंट होता जेम्स औट्रम, त्याने बडोद्यातल्या लाचलुचपतीवर 1851 मधे मुंबई सरकारला रिपोर्ट पाठवला आणि त्या सगळ्या प्रकरणाला इंग्रजी कागदपत्रांत आपलाच मराठी शब्द वापरलाय, 'खटपट'. रिपोर्ट मुंबईला झोंबला आणि औट्रमलाच इथून हलवलं, पण 1854 मधे त्यालाच परत बडोद्याला पाठवलं, आणि भाऊंची दिवाणगिरी संपते तीही 1854 मधेच. ज्या घराचा मालक रोज इंग्रजाशी वाटाघाटी करायचा त्या घराच्या भिंतीवर इंग्रजांशी झालेली लढाईही आहे आणि त्यांच्या बायकाही आहेत. हे मला कुठल्याही झुंबरापेक्षा जास्त धरून ठेवतं. राजवाड्यात राजा आपण कसा दिसावा ते दाखवतो, वाड्यात घरातली माणसं रोज कशाकडे बघत जेवत-झोपत होती ते दिसतं.

बरं, वाडा पडका नाही, पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि उभा आहे. रंग उडालेत ते खरं. दीडशेच्या वर वर्षं झाली, बडोद्याचे पावसाळे तुम्हाला माहीत नाहीत.

कीर्तिमंदिराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, 'समाध्या आहेत'. गायकवाड घराण्याचं स्मारक म्हणून सयाजीरावांनी ते 1936 मधे बांधून घेतलं हे बरोबर. पण वर मान करून चारी भिंती बघितल्यात का? चित्रकार नंदलाल बोस शांतिनिकेतनहून येऊन त्या रंगवून गेलेत, एका दमात नाही, 1939 पासून 1946 पर्यंत टप्प्याटप्प्याने. गंगावतरण, मीराबाई, नटीची पूजा, आणि शेवटी अभिमन्यूचा वध. महाराज 1939 च्या फेब्रुवारीत गेले, म्हणजे पूर्ण झालेल्या चारही भिंती त्यांनी पाहिल्याच नाहीत. आणि ही निवड बघा ना, राजघराण्याच्या स्मारकात त्या घराण्याच्या लढाया किंवा दरबार नाहीत, तर राजाची आज्ञा मोडून स्तूपापुढे नाचणारी एक नटी आहे आणि राजवाडा सोडून गेलेली एक राणी आहे. मी दर वेळी नटीच्या भिंतीपाशी जास्त थांबते.

आता त्या दिवे बंद असलेल्या म्युझियमबद्दल. तिथे तुम्ही म्हणता ते सगळं खरंय, मी वकिली करणार नाही. मी स्वतः तिथे दोनदा लेखी अर्ज दिलाय की निदान गुजरातीत आणि हिंदीत तरी वस्तूचं नाव, कुठे सापडली, किती जुनी, एवढ्या तीन ओळी लावा. अजून काही झालं नाही. तिसरा अर्ज लिहून तयार आहे. पण काका, 'बघण्यासारखं काही नाही' आणि 'सांगणारं कोणी नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या कमेंटमधे या दोन्हींची सरमिसळ झालीय म्हणून मी एवढं लांबलचक लिहितेय. वस्तू तिथे आहे. तिच्याशेजारची चिठ्ठी नाहीये. चिठ्ठी नाही म्हणून लोक जात नाहीत, लोक जात नाहीत म्हणून दिवा लावायची गरज कोणाला वाटत नाही, आणि मग एक दिवस खोलीला कुलूप लागतं आणि मग आपणच हळहळतो की अरेरे केवढा ठेवा होता. पुढच्या वेळी अशा ठिकाणी दारातल्या माणसाला सरळ म्हणा 'भाई, जरा लाइट करोने', तो उठून लावतो, बहुतेक वेळा त्याला आनंदच होतो की कोणीतरी विचारलं. आणि निघताना तिथली अभिप्राय वही मागून घ्या आणि जे मला लिहिलंत ना तेच शब्द तारीख घालून तिथे लिहा. माझ्या ब्लॉगवर लिहून तिथला बल्ब बदलत नाही, वहीत दहा जणांनी लिहिलं तर वर दाखवायला काहीतरी कागद होतो.

आता माझी चूक. 'गायकवाड आणि दिवाण सोडून काही दिसत नाही का' हे वाचून मला राग आला खरा, पण मग मी माझीच पोस्ट परत उघडली. काका, मी कमाटीबागेवर पाच परिच्छेद लिहिलेत, त्यात बाग 1879 ची, म्युझियमची इमारत 1894 ची, सगळं आहे, आणि त्याच बागेतल्या संकल्पभूमीचा एका शब्दानेही उल्लेख नाही. याला माझ्याकडे सबब नाही.

बाबासाहेब आंबेडकर 1913 मधे बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले होते, आणि करारात ठरल्याप्रमाणे नोकरी करायला 1917 च्या सप्टेंबरमधे इथे आले. राहायला जागा कोणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली कर म्हणाली. गावात ओळखीचे दोघं होते, एक हिंदू आणि एक ख्रिश्चन, दोघांनीही काहीतरी कारण सांगून टाळलं. मुंबईची गाडी रात्री होती, तोपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ज्या संस्थानाने त्यांना परदेशी शिकायला पाठवलं त्याच संस्थानाच्या राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही. आमच्या गावातली ही गोष्ट आहे, आणि ज्या गावात मी 'आमचे महाराज किती पुढारलेले' असं लिहिते तिथे ही गोष्ट त्याच पानावर असायला हवी, नाहीतर मी अर्धंच बडोदं दाखवतेय. बागेतली ती वडाखालची जागा म्हणजेच संकल्पभूमी, तिथे दर 23 सप्टेंबरला लांबलांबून माणसं येतात. मी त्या बागेत लहानपणापासून जातेय आणि तिथे मुद्दाम थांबले ती वयाच्या तिशीनंतर. पोस्ट काल दुरुस्त केलीय, संकल्पभूमी आता म्युझियमच्या आधी आहे. तसंच प्रतापनगरकडचा हजिराही घातलाय, अकबराच्या काळातली 16व्या शतकातली कबर आहे, गायकवाड यायच्या कितीतरी आधीची.

मुलांच्या कंटाळ्याबद्दल, काका, एका दिवसात चार ठिकाणं दाखवली तर मोठी माणसंही कंटाळतात, मुलांचा काही दोष नाही. माझा भाचा सात वर्षांचा असताना त्याला कमाटीबागेतल्या म्युझियममधे नेलं होतं आणि ठरवूनच गेलो होतो की फक्त देवमासा बघायचा. 1944 मधे मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे तो. भाचा त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेला, आकडा विसरला, परत पहिल्यापासून मोजत आला, असं तीनदा. मग बाहेर येऊन सेव उसळ खाल्ली आणि घरी आलो. पुढच्या महिन्यात तोच म्हणाला 'मावशी परत जाऊया', तेव्हा आकोट्याच्या मूर्ती बघितल्या. आकोट्यात 1951 मधे जैन धातूमूर्तींचा मोठा साठा सापडला, 68 मूर्ती, त्यातल्या काही दीड हजार वर्षांपूर्वीच्या. भाच्याची शाळेची रिक्षा रोज आकोट्यावरूनच जायची. 'म्हणजे आपल्या रस्त्याखाली?' एवढंच त्याने विचारलं आणि नंतर आठवडाभर रिक्षातून खाली बघत बसायचा असं रिक्षावाल्या काकांनी सांगितलं.

आणि हो, तुमच्या कमेंटमधे मधेच एक वाक्य आहे, तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, 'नात तर एका लढाईच्या चित्रापाशी बसूनच राहिली, शिपाई मोजत होती, तिला उठवून आणावं लागलं, त्यातच वीस मिनिटं गेली.' मी ते वाक्य चार वेळा वाचलं. मला जरा तिला विचारून सांगाल का, तांबेकर वाड्यातल्या कुठल्या खोलीतलं चित्र, दारातून शिरल्यावर डाव्या हाताचं की खिडकीजवळचं, आणि किती भरले शिपाई? मी येत्या रविवारी जाणारच आहे, मोजून बघते आणि इथेच लिहिते.