दोन किलोबाइटचा पाहुणा

लहानपणी खेळलेला बदकांच्या शिकारीचा व्हिडिओ गेम पुन्हा एकदा खेळावा, एवढीच माझी इच्छा होती. तो ज्या यंत्रावर चालत असे, त्याची पहिली आवृत्ती १९८३ साली जपानमध्ये विक्रीला आली. त्या यंत्राचा प्रोसेसर सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ गतीने चाले आणि त्याला कामाची मेमरी होती दोन किलोबाइट. म्हणजे हा लेख साठवायलाही ती पुरली नसती. मी घेतलेला रास्पबेरी पाय ४ हा तळहातावर मावणारा संगणक २०१९ साली आला, तेव्हाच त्याच्या प्रोसेसरचे चारही गाभे (कोअर) दीड गिगाहर्ट्झने धावत होते. आठशे पटींहून अधिक वेग हाताशी असताना घोडे अडेल कशाला, असा माझा हिशेब होता. घोडे प्रत्येक ठिकाणी अडले. फक्त वेगापाशी अडले नाही.

वेग लागतोच, हे खरे. जुन्या यंत्राचे खेळ नव्या संगणकावर चालवणारा एम्युलेटर नावाचा प्रोग्राम म्हणजे शेवटी सोंग आहे. परक्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा आपल्या प्रोसेसरच्या भाषेत आणायची, आणि त्याच वेळी चित्र काढणारी चिप व आवाज काढणारी चिप यांचाही ठेका चुकू द्यायचा नाही, असे हे तिहेरी सोंग असते. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. वेळेचेही आणता येत नाही. १९९४ सालच्या सेगा सॅटर्न या खेळयंत्रात तर दोन मुख्य प्रोसेसर आहेत, आणि त्या दोघांचे एकमेकांशी चाललेले व्यवहारसुद्धा हुबेहूब वठवावे लागतात. ‘एवढे करतोच आहोत, तर तेही चालवून पाहू’ असा मोह मला झाला होता. परंतु शनी आपण होऊन मागे लावून घेणे बरे नव्हे, या विचाराने मी तो आवरला.

पहिली चूक डबीची झाली. बोर्ड, म्हणजे तो उघडा संगणक, येण्याआधीच मी एक देखणी डबी मागवून ठेवली होती, आणि ती आधीच्या पिढीच्या बोर्डाची निघाली. आकार तोच, स्क्रूंची भोकेही तीच; मात्र नव्या बोर्डावर नेटवर्कची खोबण आणि यूएसबीच्या जोड्या यांनी आपापल्या जागा बदललेल्या होत्या. दुसरी डबी आली, तेव्हा बोर्ड तीत नेमका बसला, आणि उष्णता शोषणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा चिपवर चिकटवल्यावर तिचे झाकण लागेना. झाकण लावले, तर ८० अंश सेल्सिअसला पोचून प्रोसेसर स्वतःच गती कमी करतो. न लावावे, तर डबी घेतली कशासाठी? आजतागायत ते झाकण टीव्हीच्या मागे उभे आहे.

मग केबल. घरात एचडीएमआयच्या चार केबल होत्या, पण बोर्डाला लागते मायक्रो एचडीएमआय. मी मोठ्या आत्मविश्वासाने मिनी एचडीएमआय मागवली. मिनी आणि मायक्रो हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले तर कोणाचे बिघडत नाही, परंतु खोबणीपाशी त्यांच्यात मिलिमीटरांचा फरक असतो, आणि धातू समजूतदारपणा दाखवत नाही. आता माझ्या खणात सहा केबल आहेत. एक ना धड, भाराभर चिंध्या.

वीज मात्र घरचीच वापरावी म्हणून मी फोनचा चार्जर लावला. त्यावर ५ व्होल्ट लिहिलेले होते आणि बोर्डालाही ५ व्होल्टच हवे होते. शेजारच्या रकान्यात चार्जर २ अँपिअर देत होता आणि बोर्ड ३ मागत होता, ही बाब मी किरकोळ मानली. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे छोटे पिवळे चिन्ह चमकू लागले, तेव्हा ते मला शोभेचे वाटले. ती व्होल्टेज पडल्याची तक्रार होती, हे यंत्र तिसऱ्यांदा मध्येच बंद पडून मेमरी कार्डवरचा सगळा डेटा बिघडल्यानंतर कळले.

सर्वाधिक मनस्ताप दिला तो बिनतारी कंट्रोलरने. खेळातला माणूस उत्तम पळत असे, पण थांबायला सांगितले की थांबत नसे आणि सरळ खड्ड्यात जात असे. मी बॅटरी बदलली, सेटिंग बदलली, अखेर बसण्याची जागा बदलली. भाच्याने पाठीमागे वाकून कंट्रोलरचा रिसीव्हर पाहिला आणि विचारले, “मामा, हे निळ्या पोर्टमध्ये का लावलंय?” निळे पोर्ट यूएसबी ३चे, म्हणजे अधिक वेगवान, उत्तम वस्तूला उत्तम जागा द्यावी, हा माझा साधा विचार होता. परंतु यूएसबी ३च्या संदेशांतून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, आणि कंट्रोलरची कुजबुजही त्याच पट्ट्यात चाललेली असते. वेगवान डिस्कची खुडबुड शेजारीच चालू असताना बिचाऱ्याला ‘थांब’ ऐकूच येत नव्हते. भाच्याने रिसीव्हर काळ्या पोर्टमध्ये, लांब वायरीवर लावून दिला आणि खड्डे संपले.

चित्रातही सुख नव्हते. जुन्या यंत्राच्या चित्रात २४० ओळी असत आणि माझ्या टीव्हीत १०८० आहेत, म्हणजे बरोबर साडेचार पट. अर्धा ठिपका दाखवता येत नसल्याने काही ओळी चार ठिपक्यांच्या, काही पाचांच्या होतात आणि चित्र सरकले की विटांच्या भिंतीला कापरे भरते. चौपट चित्र, भोवती काळी चौकट, हा तोडगा मी स्वीकारला. एवढा मोठा टीव्ही कशाला घेतला, हा घरातला जुना प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेला आला.

अखेरीस माळ्यावरची या खेळाची प्लास्टिकची बंदूक काढून, खास जोड मागवून, मी बदकांवर नेम धरला. एकही पडले नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो टिपतो, अशी ती युक्ती आहे. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीवर तो चौकोन जागच्या जागी उमटे. माझा सपाट टीव्ही चित्र सुशोभित करून मग दाखवतो. तोवर नेम चुकल्याची नोंद होऊन गेलेली असते. जुना टीव्ही मी स्वतःच भंगारात दिला होता.

सध्या मी बदके माऊसने मारतो. तो चार वर्षांपूर्वीचा आहे, जोडताक्षणी चालला आणि त्याबद्दल मला काहीही वाचावे लागले नाही. नेम तरीही चुकतो, आणि मग खेळातल्या गवतातून शिकारी कुत्रा वर येतो आणि कुठेही न अडखळता, सेकंदाला पूर्ण ६० चित्रांच्या वेगाने मला हसतो.