खंडेनवमीचा हार आणि पॉलिसीवरच्या दोन तारखा

आज खंडेनवमी. घरातली अवजारे, आईचे शिलाई मशीन आणि माझी गाडी पूजून होत असतानाच पुतण्या त्याची थार घेऊन दारात आला. बॉनेटवर झेंडूचा हार होता, चाकांना हळदकुंकू लावलेले होते आणि मागे फावडे, दोर व टोचनाचा पट्टा अशी सगळी तयारी होती. रविवारी चार मित्रांना घेऊन साताऱ्याजवळच्या ठोसेघरवरून चाळकेवाडीला जायचे आणि तिथून कच्च्या वाटांनी पाटणच्या बाजूला उतरायचे, असा त्याचा बेत आहे. मी सहज विचारले, "विमा कधीपर्यंत आहे रे?" तो म्हणाला, "काका, 2027च्या ऑगस्टपर्यंत काळजीच नाही." फोडायला घेतलेला नारळ माझ्या हातात तसाच राहिला, कारण तीन वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणत होतो.

ज्यांना माझी ती हकिगत ठाऊक आहे त्यांनी पुन्हा ऐकून घ्यावी. 2021च्या ऑगस्टमध्ये मी गाडी घेतली. पॉलिसीवर 2024 हे साल ठळक दिसत होते आणि मी तेवढेच वाचले होते. 2022च्या दसऱ्यानंतरच्या रविवारी मेहुण्यांना घेऊन बामणोलीला निघालो. पाऊस अजून पुरता गेलेला नव्हता. कास मागे टाकून उताराला लागल्यावर समोरून एसटी आली, तिला वाट देण्यासाठी मी गाडी डाव्या कडेला घेतली आणि कमरेइतक्या गवताखाली पाण्याने खणलेली चर मला दिसलीच नाही. डावी दोन्ही चाके एकदम खाली गेली आणि गाडी सावकाश, अगदी डोळ्यांदेखत, जांभ्याच्या दगडावर कलंडली. कोणालाही खरचटले नाही. दोन्ही दरवाजे, पुढचा सस्पेन्शन आर्म आणि रेडिएटर मात्र गेले आणि गॅरेजचे बिल 1,84,000 रुपये झाले.

क्लेमसाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी मला पॉलिसीचे पहिले पान पुन्हा उघडायला लावले. तिथे दोन तारखा होत्या. थर्ड पार्टीची, म्हणजे समोरच्याला भरपाई देणाऱ्या विम्याची, मुदत तीन वर्षांची होती आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची, म्हणजे ओन डॅमेजची, एकाच वर्षाची. ती संपून पन्नासच्या आसपास दिवस झाले होते. दरम्यान आठवणीचे संदेश येत होते आणि मी ते जाहिराती समजून पुसून टाकत होतो.

1 सप्टेंबर 2018 पासून नवी चारचाकी घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यातून समोरच्याला झालेल्या इजेची आणि त्याच्या नुकसानीची भरपाई होते. आपली गाडी दरीत गेली, दगडावर आपटली किंवा चोरीला गेली, तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 146 सक्ती करते ती थर्ड पार्टीचीच, त्यामुळे नाक्यावर पोलिसांनी कागद पाहिले तरी ते बरोबरच निघतात आणि दंडही होत नाही. सगळे सुरळीत आहे, हा भ्रम त्यातूनच पक्का होतो. मला राग येतो तो गाडी ताब्यात देताना पेढे भरवून "आता तीन वर्षे बघायला नको" असे सांगणाऱ्यांचा. ग्राहक कोणता शब्द घेऊन घरी जाणार आहे, हे त्यांना पुरते ठाऊक असते. कागद मी स्वतः वाचायला हवा होता, हे मान्य आहे.

ते 1,84,000 रुपये कुठून आले, हे मी आजवर इथे लिहिले नव्हते. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. शस्त्रक्रिया चार महिने पुढे गेली. आईने एका शब्दानेही बोल लावला नाही. रोज सकाळी ती खिडकीशी जाऊन वर्तमानपत्र काचेला जवळजवळ टेकवून धरायची आणि मथळे तेवढे वाचून घडी घालून ठेवायची. आज पुतण्याच्या तोंडून ते वाक्य आले तेव्हा मला आधी ती खिडकी आठवली.

आता गाडीविषयी लिहितो, कारण पावसाळा संपला की आपल्याकडच्या सगळ्या गाड्या एकाच आठवड्यात डोंगराकडे निघतात आणि तयारी म्हणजे धुणे आणि हार घालणे, एवढीच समजूत असते. या दिवसांत सर्वांत आधी रेडिएटर पाहावा. पठारावरचे गवत आता पिकू लागते, त्याची कुसळे जाळीतून आत जातात आणि नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांत अशी रुतून बसतात की समोरून काही दिसतही नाही. गेल्या वर्षी मी माझ्या रेडिएटरवर उलट्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडून बाहेर, हलका पाण्याचा फवारा मारला तेव्हा ओंजळभर कुसळे आणि मेलेले किडे खाली पडले. दाबाच्या पाण्याने मारू नये, पत्रे वाकतात. अशा बुजलेल्या रेडिएटरने यवतेश्वरचा घाट भरल्या गाडीने चढला की तापमानाचा काटा वर सरकणारच. पाण्यातून गाडी गेलेली असेल तर डिफरन्शियलचे, म्हणजे दोन चाकांमधल्या दातेरी चाकांच्या पेटीचे, तेल थोडे काढून पाहावे, ते दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याला, म्हणजे क्रॉसला, आणि जुन्या जीप असतील तर कमानपाट्यांच्या पिनांना ग्रीस द्यावे. फोर व्हील लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सावकाश चालीचा गिअर, चार महिने लावलेलाच नसेल, तर तो मोकळ्या मातीच्या मैदानात लावून पाहावा. चिखलात रुतल्यावर तो लागत नाही हे कळून उपयोग नसतो.

पाण्याचे आणखी एक आहे आणि ते विम्याशी जोडलेले आहे. ओढ्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळे घ्यावे लागते. कोयनेच्या पाण्याच्या कडेने हिंडणाऱ्या माणसाने ते घेतलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खासगी पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, भाड्याने प्रवासी नेणेही वगळलेले असते. घरची पांढऱ्या पाटीची जीप सुट्टीत पर्यटकांना फिरवायला देणाऱ्या आपल्या मित्रांनी हा मजकूर दोनदा वाचावा. विंच, वेगळे टायर, वाढवलेली उंची यांतले काही केले असेल, तर ते कंपनीला आधी कळवावे. अपघातानंतर सांगितलेल्या गोष्टीला किंमत राहत नाही.

हप्ता कमी नसतो आणि पंधरा वर्षांच्या जीपची विमा किंमतच एवढी उतरते की ओन डॅमेज परवडत नाही, हेही मला मान्य आहे. पण ज्या गाडीचे कर्ज अजून फिटायचे आहे, ती त्या कागदाशिवाय डोंगरात नेणे मला पटत नाही, आणि तिच्यात दुसऱ्यांची मुले बसणार असतील तर मुळीच नाही.

ओघात आले म्हणून लिहितो. कासच्या पठारावर चाक घालणाऱ्याला मी मित्र मानत नाही. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेली ती जागा आहे. जांभ्यावरच्या बोटभर मातीत ती फुले उगवतात आणि एका टायरच्या खुणेने ती माती जाते. कच्चे रस्ते सातारा जिल्ह्यात पुष्कळ आहेत, तिथे जावे.

पुतण्यावर मी सकाळी आवाज चढवला, तो चढवायला नको होता. पोरगा हिरमुसून ओट्यावर बसला. मग आईच त्याच्याजवळ जाऊन बसली, चष्म्याशिवाय त्याच्या मोबाइलवरची पॉलिसी तिने स्वतः वाचली आणि ओन डॅमेजच्या तारखेवर बोट ठेवले. 22 ऑगस्ट. म्हणजे मुदत संपून चाळीस दिवस झाले. सुदैवाने नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण केले तर त्याचा पहिल्या वर्षाचा वीस टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जात नाही. खंड पडल्यामुळे गाडीची तपासणी मात्र होईल, चारही बाजूंचे फोटो आणि चासीचा क्रमांक पाठवावा लागेल. दुपारी आम्ही दोघांनी मिळून तो अर्ज भरला. इंजिन प्रोटेक्शन घेतले. फोटोसाठी हार काढून ठेवला आणि नंतर पुन्हा घातला.

रविवारपर्यंत पॉलिसी हातात आली नाही, तर पाचही जणांना माझ्या गाडीतून चाळकेवाडीला नेईन, असे मी त्याला सांगितले आहे. त्याच्या रेडिएटरमधली कुसळे उद्या सकाळी तो स्वतः काढणार आहे, मी शेजारी पाइप धरून उभा राहीन.