फणसाची सीट

पँटीवरचा फणसाचा चीक अजून गेलेला नाही. खोबरेल चोळून झालं, बायकोचं बोलूनही झालं. आता लिहून टाकतो.

कणकवलीहून मालवणला जाणारी दुपारची बस. मे महिना, चाकरमान्यांची झुंबड, खिडक्यांतून आत पडणारे रुमाल, पिशव्या, एक चप्पल. रुमाल हा आपल्याकडचा सातबारा आहे, तो पडला की जमीन तुमची. मी रांगेतून सभ्यपणे चढलो, म्हणजे अर्थातच उभा राहिलो. अख्ख्या गाडीत एकच जागा रिकामी आणि तिच्यावर फणस. चांगला बारा-पंधरा किलोचा. त्याच्या पलीकडे खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ, कपाळाला बुक्का, मांडीवर आडवी छत्री.

“हय कोण आसा काय?” मी विचारलं.

त्यांनी फणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “दिसना नाय तुका?”

कंडक्टर आला. म्हाताऱ्यांनी कार्ड दाखवलं. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२पासून एसटीचा प्रवास फुकट आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट, तेही योग्यच. पण पूर्ण पैसे मोजलेला मी उभा आणि फणस बसलेला, हा हिशेब मला कुठल्याच शासन निर्णयात सापडत नाही.

मी रागाने कानात इयरफोन घातले. तीच चूक झाली.

“कानात काय घातलंस?”

“गाणी आयकतंय.”

“कसली?”

“भांडणाची,” मी तोडून टाकायला म्हणालो. म्हातारे ताठ झाले. “भांडणाची? म्हंजे डबलबारी?”

ते निघाले भजनी बुवा. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, आणि रात्रभर देवाच्या नावाखाली एकमेकांची उणीदुणी. अशा बाऱ्या आपण चाळीस वर्षं केल्या, हे ओसरगाव येईपर्यंत त्यांनी तीनदा सांगितलं. मग माझ्या कानातल्या, अमेरिकेतल्या रॅपवाल्यांच्या बारीची चौकशी सुरू झाली.

“बुवा खयचे?”

“एक कॅनडातल्या टोरांटोचो. दुसरो कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचो.”

“म्हंजे टोरांटोकर नि कॉम्प्टनकर.”

झालं. ड्रेक आणि केंड्रिक लमार या दोन रॅपरांचं अनुक्रमे टोरांटोकर आणि कॉम्प्टनकर असं बारसं करून बुवांनी त्यांना जिल्ह्यात वास्तव्याला आणलं.

ठिणगी २०१३ची, मी सांगितलं. कॉम्प्टनकरांना बिग शॉन नावाच्या गवयाने आपल्या गाण्यात पाहुणे म्हणून बोलावलं, आणि यांनी तिथे अकरा जणांची नावं घेऊन सगळ्यांना अंगावर घेतलं. त्यात टोरांटोकर होते, आणि खुद्द यजमानही.

“जेवाक बोलावल्यानी नि पानात थुकलो,” बुवा म्हणाले. आवाजात निषेध कमी, कौतुक जास्त.

पुढे २०२४च्या मार्चपासून उघड जुंपली. मध्ये जे. कोल नावाचे तिसरे बुवा उतरले. ५ एप्रिलला त्यांनी कॉम्प्टनकरांना उत्तर दिलं आणि ७ तारखेला भर कार्यक्रमात स्टेजवरून ते मागे घेतलं.

“मग पेटी कित्याक उघडल्यान?” बुवांनी त्यांना कायमचं बाद केलं.

मे महिन्यात ३ ते ५ तारखेत दोघांची मिळून पाच गाणी आली. टोरांटोकरांचं एक गाणं येऊन तास व्हायच्या आत कॉम्प्टनकरांचं उत्तर हजर.

“तासात गाणां होना नाय. आधीच बांधून ठेवल्यान असतलां. आमी पण ठेवू.” हे त्यांनी इकडेतिकडे पाहून, हळू आवाजात सांगितलं. धंद्यातलं गुपित मला उभ्या उभ्या मिळालं. बसून मिळालं असतं तर बरं झालं असतं.

मग मी निकाल सांगितला. कॉम्प्टनकरांच्या ‘नॉट लाइक अस’ला फेब्रुवारी २०२५मध्ये पाच ग्रॅमी, म्हणजे संगीताचे पुरस्कार, मिळाले आणि त्याच महिन्यात सुपर बोलच्या, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मैदानावर साऱ्या देशासमोर ते त्यांनी म्हटलं. टोरांटोकरांनी जानेवारीतच दावा लावला होता.

“कॉम्प्टनकरावर?”

“नाय. कंपनीवर. युनिव्हर्सल. दोघांचीय गाणी तीच विकता.”

“आपल्याच मांडववाल्यावर केस?” बुवांचा चेहरा उजळला. एवढा वेळ हरलेला परका असलेला ड्रेक एका क्षणात घरचा झाला. कोकणात कोर्टाची पायरी न चढलेला माणूस संशयास्पद असतो. आमच्या घरी हातभर बांधाची केस आजोबांनी लावली, वडिलांनी वाढवली आणि तारखा मी घेतो. “मग? निकाल?”

“ऑक्टोबरात फेटाळलो.”

“अपील?”

“केल्यान.”

“शाब्बास! माणूस आपलो आसा.”

माझे पाय आता बोलत होते. मी मुद्दाम जुनं प्रकरण काढलं, कॉलेजच्या दिवसांतलं, माझं आवडतं. फिफ्टी सेंट आणि जा रूल, हेही रॅपरच. दोघेही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले, भांडण नव्वदीच्या अखेरपासूनचं.

“एकाच वाडीतले म्हंजे मिटाचा नाय,” बुवा म्हणाले. फिफ्टी सेंटचा अर्थ विचारून त्याचं त्यांनी लगेच आठाणेबुवा केलं.

“तर बुवा, २०१८मध्ये जा रूलच्या कार्यक्रमाची तिकिटं पंधरा-पंधरा डॉलरला निघाली. आठाणेबुवांनी जाहीर केल्यानी की फुडच्या दोनशे सीटी आपण घेतल्यो. कित्याक? रिकाम्यो ठेवूक!”

आणि मी फणसाकडे टक लावून पाहिलं.

मला वाटलं, टोला वर्मी बसला. बुवा खरोखरच विचारात पडले. मग मान डोलावत म्हणाले, “दोनशे. माझ्याकडे फणस एकच.”

तेव्हा उलगडा झाला. कसालला याच गाडीत दुसरे एक बुवा चढतात, त्यांचे बारीतले प्रतिस्पर्धी. बावीस वर्षांचं वैर. त्यांना बसायला मिळू नये म्हणून फणस.

खरं सांगतो, इथवर मला गंमत वाटत होती, इथे मात्र चीड आली. या दोघांचं जे काय असेल ते असो, मी कोणाचं घोडं मारलं होतं? टोरांटोकर-कॉम्प्टनकर भांडतात, दोघांचीही गाणी खपतात, कंपनीचा गल्ला भरतो. गावातली दोन घराणी पालखी आधी कोणाच्या दारात यावी यावर भांडतात, दोघांनाही मान मिळतो, आणि पालखी खांद्यावर घेऊन तिसराच कोणीतरी उन्हात ताटकळतो. तो तिसरा नेहमी मीच का असतो?

कसाल आलं. धोतरातले एक बुटके गृहस्थ चढले, त्यांनी फणस पाहिला, फणसामागचा माणूस पाहिला, आणि आमच्याकडे पाठ करून माझ्या शेजारी उभे राहिले. आमचे बुवा ताबडतोब झोपले. कट्टा गेलं. वळणावळणावर दुसरे बुवा माझ्या पायावर येत होते आणि फणस जागचा हलत नव्हता.

“फणस कोणाचो?” त्यांनी मला विचारलं, मोठ्याने.

“माका म्हायत नाय.”

“बरको दिसता. गिळगिळीत. आवाजासारखो.”

झोपलेल्या बुवांची पापणी थरथरली. “कापो आसा,” ते डोळे मिटूनच म्हणाले.

बावीस वर्षांच्या वैरातला हा एवढाच सवाल-जवाब माझ्या वाट्याला आला. चौके आलं, बुटके बुवा उतरले.

“गेलो?” एक डोळा उघडला.

“गेले.”

“बस आता.” त्यांनी फणस उचलला आणि मी टेकताच तो माझ्या मांडीवर ठेवला. देठाकडून चीक ओघळत होता, हे मला कुंभारमाठला उतरताना कळलं, पँट सीटला चिकटली तेव्हा.

“पण बुवा,” मी उतरण्याआधी विचारलं होतं, “इतक्या वैर आसा तर तेंच्यावांगडा बारी कित्याक करतास?”

“मग कोणावांगडा करू? दुसऱ्यावांगडा केली तर माणसां येवची नाय.” त्यांनी छत्री सरळ केली. “शनवारी आसा आमची. येवा. फुडली खुर्ची धरून ठेवतंय तुझ्यासाठी.”